सातमाशी बाळ, टाचेतली सुई आणि आईचा हात

बेळगावात 'बाळ काचेत ठेवलंय' एवढं म्हटलं की खानापूर-निपाणीकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. सातव्या महिन्यात आलेलं बाळ, नाकात नळी, आणि साखर बघायला पुन्हापुन्हा टाचेत सुई. सुईपेक्षा नंतर टाच पिळून थेंब काढणं जास्त दुखतं. अशा वेळी हल्ली काही ठिकाणी सिस्टर आईलाच आत बोलावतात, 'हात धुऊन या, धरा त्याला.' ही रीत तशी अलीकडची.

नवजात बाळाला फारसं दुखत नाही, अशी डॉक्टरांची समजूत बराच काळ होती. 1941 साली अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून केलेल्या नोंदींचा आधार तिला मिळाला. शिवाय मज्जातंतूंवरचं आवरण पुरतं तयार नसतं, मग वेदना पोचणार कशी, असा सवाल. तर्क लंगडाच होता. मोठ्या माणसाची ठसठससुद्धा बिनआवरणाच्या तंतूंतूनच जाते. उलट वेदनेला आवर घालणारी मेंदूची यंत्रणा अपुऱ्या दिवसांच्या बाळात कच्ची असते, म्हणजे त्याला जास्तच लागतं. तरी 1980 च्या दशकातही अशा बाळांची छाती उघडताना स्नायू लुळे करणारं औषध देत. वेदनाशामक दिलं जाईलच असं नव्हतं. हलत नाही म्हणजे दुखत नाही!

भारतातून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी 1987 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो, गुंतागुंतही कमी होते.

पण रोजच्या सुयांना फेंटानिल कोण देणार? तिथे हात कामाला आला. कोलंबियात बोगोटाला 1978 च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, म्हणून एडगर रे सनाब्रिया यांनी बाळं आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. हेतू उबेचा. वेदनेचं नंतर कळलं. 2003 साली कॅनडातल्या सेलेस्ट जॉन्स्टन यांच्या अभ्यासात टाच टोचण्याआधी अर्धा तास छातीशी धरलेल्या बाळांच्या चेहऱ्यावर वेदना कमी दिसली. त्याआधी, 1995 साली, अमेरिकेतल्या परिचारिकांनी आणखी साधी गोष्ट तपासली होती. बाळाचे हातपाय दुमडून, पोटातल्यासारखं गोळा करून, तळव्यांनी धरायचं. रडणं लवकर थांबलं.

इथे आपल्या आजीला जरा आवरावं लागतं. ती थोपटायला, चोळायला जाते. इतक्या कोवळ्या बाळाला तेही सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, दुसरा दुमडलेल्या पायांशी, आणि हात हलवायचा नाही. सुई निघाली म्हणून लगेच काढायचाही नाही. बाळ निवांत झालं की हळूच. शस्त्रक्रियेला मात्र औषधच लागतं, तिथे हाताचं कौतुक पुरत नाही.

अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टाळण्याच्या संशोधनात बेळगावचं नाव जगाला माहीत आहे. गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देण्याची जी सहा देशांतली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात बेळगावही होतं. आलेल्या बाळाला धरायचं कसं, हे मात्र पुष्कळदा त्या वेळी ड्युटीवर असलेल्या सिस्टरवरच ठरतं. ती कन्नड, आई मराठी. ती बाळाला 'अळब्याड', म्हणजे 'रडू नको', म्हणते, आईला तेवढं कळतं, आणि मग हात कुठे ठेवायचा ते सिस्टर स्वतःच्या हातानं दाखवते.