झायन राष्ट्रीय उद्यानातील एंजल्स लँडिंगचा परवाना : पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

अमेरिकेच्या युटा राज्यात, व्हर्जिन नदीने तांबड्या वालुकाश्मात कोरलेल्या झायनच्या दरीत एंजल्स लँडिंग नावाचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर जाणारी वाट शेवटच्या टप्प्यात अत्यंत अरुंद धारेवरून जाते. दोन्ही बाजूंना खोल दरी असते आणि आधाराला खडकात रोवलेल्या साखळ्या असतात. या धारेवर वर जाणारे आणि खाली उतरणारे एकाच साखळीला धरून एकमेकांना वाट देतात. त्यामुळे गर्दी वाढली की धोकाही वाढतो. 2021 मध्ये उद्यानाला 50 लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्यानंतर राष्ट्रीय उद्यान सेवेने 1 एप्रिल 2022 पासून या टप्प्यासाठी परवाना सक्तीचा केला. हा परवाना सोडतीने मिळतो.

परवाना संपूर्ण वाटेसाठी लागत नाही, ही बाब अर्ज करण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. उद्यानाच्या शटल बसच्या ग्रोटो थांब्यापासून निघून, वॉल्टर्स विगल्स नावाची 21 वळणांची खडी चढण चढून स्काउट लुकआउटपर्यंत कोणालाही परवान्याविना जाता येते. तिथून पुढे माथ्यापर्यंतच्या सुमारे अर्ध्या मैलाच्या साखळ्यांच्या वाटेसाठीच परवाना हवा. जाऊन-येऊन एकूण अंतर 5.4 मैल, म्हणजे जवळपास पावणेनऊ किलोमीटर, आणि चढ सुमारे 450 मीटर आहे. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी सोडतीच्या मागे न लागता स्काउट लुकआउटवरूनच परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथूनही दरीचे दर्शन उत्तम होते. भारतातून आलेल्या वयस्कर आई-वडिलांना मात्र हीसुद्धा चढण जड जाईल. त्यांच्यासाठी दरीच्या टोकाला, शटलच्या शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने जाणारी रिव्हरसाइड वॉक ही सपाट वाट अधिक योग्य आहे आणि तिला परवाना लागत नाही.

अर्जासाठी नागरिकत्वाची अट नाही. त्यामुळे अमेरिकेत राहणारा किंवा पर्यटक व्हिसावर आलेला, कोणीही अर्ज करू शकतो. अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरच करायचा असतो. त्यासाठी तिथे स्वतःच्या नावाचे खाते, चालू ईमेल आणि ऑनलाइन पैसे भरण्यासाठी कार्ड लागते. एका अर्जात अर्जदारासह जास्तीत जास्त सहा जणांचा समावेश करता येतो. अर्जाचे शुल्क 6 डॉलर असून नंबर लागला नाही तरी ते परत मिळत नाही. नंबर लागल्यास प्रत्येक व्यक्तीमागे आणखी 3 डॉलर आकारले जातात.

सोडती दोन प्रकारच्या आहेत. हंगामी सोडतीत मार्च ते मे या काळासाठी 1 ते 20 जानेवारी, जून ते ऑगस्टसाठी 1 ते 20 एप्रिल, सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठी 1 ते 20 जुलै आणि डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी 1 ते 20 ऑक्टोबर या मुदतीत अर्ज घेतले जातात आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेला निकाल कळतो. अर्जात पसंतीक्रमाने सात पर्यायांपर्यंत दिवस आणि वेळ देता येते. वेळेचे तीन गट आहेत : सकाळी 9 पूर्वी, 9 ते 12 आणि दुपारी 12 नंतर. अनेक जण एकच शनिवार भरून अर्ज पाठवतात. त्यापेक्षा सातही पर्याय भरावेत आणि त्यांत आठवड्यातील मधले दिवस घ्यावेत. उन्हाळ्यात दरीतील तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर जाते, म्हणून त्या हंगामासाठी सकाळी 9 पूर्वीचाच गट मागावा.

दुसरी सोडत आदल्या दिवशीची आहे. तिचे अर्ज युटाच्या वेळेनुसार मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिटाने सुरू होऊन दुपारी 3 वाजता बंद होतात आणि 4 वाजता निकाल लागतो. भारतातून कुटुंबीयांपैकी कोणी अर्ज भरणार असेल, तर उन्हाळ्यातील दुपारचे 3 म्हणजे भारतातील पहाटेचे अडीच, हा हिशेब आधी करावा. हंगामी सोडतीत नंबर न लागलेल्यांनाही या सोडतीत भाग घेता येतो, मात्र शुल्क पुन्हा भरावे लागते.

चढाईच्या दिवशी परवाना आणि अर्जदाराचे छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. पर्यटकांसाठी पासपोर्ट पुरेसा आहे. दरीत मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसल्याने परवाना आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा किंवा छापून न्यावा. रेंजर वाटेवर तपासणी करतात.

उद्यानाचे प्रवेशशुल्क परवान्यात धरलेले नाही. 2026 पासून झायनसह 11 उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, 16 वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्तीला नेहमीच्या शुल्काखेरीज 100 डॉलर भरावे लागतात. अशा पर्यटकांसाठीचा वार्षिक पास 250 डॉलरचा आहे. रहिवाशांनी अमेरिकी सरकारी ओळखपत्र सोबत ठेवावे. शटलच्या हंगामात दरीतील रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही, पण शटल मोफत आहे.

सह्याद्रीत हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना साखळ्यांची वाट फार अवघड वाटणार नाही. तरी बसाल्टवरचा आत्मविश्वास इथे तसाच वापरू नये. वालुकाश्मावर सुटी वाळू साचते आणि बूट घसरतात, ओल्या खडकावर तर अधिकच. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी विजांची वादळे येतात. परवाना हातात असला तरी आभाळ भरून आले असेल, तर साखळ्यांकडे जाऊ नये.