विवरणपत्र कधी भरलंच नाही? मागच्या वर्षांचा आयकर नियमित करण्यासाठी आयटीआर-यू

"छोट्या धंदेवाल्यांसाठी आयकराची अभय योजना कधी येणार?" हा प्रश्न दुकानदार, टेलर, केटरिंगवाले, गॅरेजवाले सगळेच विचारतात. १९९७ साली अशी योजना आली होती. व्यक्तींना ३० टक्के कर भरून, व्याज आणि दंडाशिवाय, लपवलेलं उत्पन्न जाहीर करता आलं. २०१६ साली १ जून ते ३० सप्टेंबर या काळात दुसरी आली, तेव्हा एकूण ४५ टक्के भरावे लागले. पुढची येईल म्हणून वाट पाहू नका, असं मी कळकळीने सांगेन. कारण एक दार २०२२ पासून उघडंच आहे : अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-यू. यात माफी नाही, जादा पैसे पडतात. पण स्वतःहून पुढे येता येतं.

पूर्वी यासाठी २ वर्षांची मुदत होती, २०२५ च्या वित्त कायद्याने ती ४ वर्षांची झाली. ही ४ वर्षं करनिर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून मोजायची, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षातल्या धंद्याचं करनिर्धारण वर्ष २०२४-२५. ते ३१ मार्च २०२५ ला संपलं, म्हणून त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. चालू करनिर्धारण वर्षाचं विवरणपत्र राहिलं असेल, तर ३१ डिसेंबरपर्यंत साधं विलंबित विवरणपत्र भरता येतं. त्यात खालचा जादा कर लागत नाही, म्हणून आधी ते बघा.

किती जादा भरावं लागेल?

मूळ कर आणि त्यावरचं व्याज यांच्या बेरजेवर जादा कर बसतो. करनिर्धारण वर्ष संपल्यावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० टक्के आणि ४८ पर्यंत ७० टक्के. समजा कर ३०,००० आणि व्याज ६,००० रुपये, म्हणजे बेरीज ३६,०००. पहिल्या वर्षात आलात तर ९,००० जादा. तीच बेरीज चौथ्या वर्षात धरली तरी २५,२०० जादा. प्रत्यक्षात तोवर व्याजही वाढलेलं असतं. विवरणपत्र आधी भरलंच नसेल तर विलंब शुल्क वेगळं : ५,००० रुपये, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

आकडे बघून घाबरू नका, आधी उत्पन्न काढा. वह्या नीट ठेवलेल्या नसल्या तरी कलम ४४एडी आहे. २ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या धंद्याला रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरता येतो. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. दलाली, कमिशन, एजन्सी यांना आणि डॉक्टर-वकिलांसारख्या व्यवसायांना हे कलम लागू नाही. हा हिशेब मांडल्यावर अनेकांना कळतं, की ज्या कराच्या धास्तीने वर्षानुवर्षं लपत राहिलो तो फार मोठा नव्हताच.

कोणाला भरता येत नाही?

परतावा मागायचा असेल, तोटा दाखवायचा असेल किंवा आधी दाखवलेला कर कमी करायचा असेल, तर हा मार्ग बंद. त्या वर्षात किंवा त्यानंतर तुमच्याकडे छापा किंवा सर्वेक्षण झालं असेल, अथवा त्या वर्षाच्या करनिर्धारणाची कारवाई सुरू असेल वा पूर्ण झाली असेल, तरीही साधारणपणे नाही. कसलीही नोटीस आली असेल तर फॉर्मला हात लावण्याआधी ती करसल्लागाराला दाखवा. आणि एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतो. चूक झाली म्हणून पुन्हा भरता येणार नाही.

कागदपत्रं

आधारशी जोडलेलं पॅन, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर, त्या वर्षाची सर्व बँक खात्यांची स्टेटमेंट (बचत खात्यात विक्रीचे पैसे येत असतील तर तेही), यूपीआयच्या जमा रकमांची यादी, खरेदीची बिलं, जीएसटी असल्यास त्याची विवरणपत्रं. आयकराच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस उतरवून घ्या. तुमच्या व्यवहारांची विभागाकडे आलेली माहिती एआयएसमध्ये दिसते; तुमचा आकडा तिच्याशी जुळवूनच पुढे जा. बहुतेक चुका विसरलेल्या बँक खात्यामुळे होतात.

प्रक्रिया

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅनने नोंदणी करा. त्या करनिर्धारण वर्षाचा आयटीआर निवडा. ४४एडीसाठी साधारणपणे आयटीआर-४, म्हणजे सुगम. कलम १३९(८ए) निवडून आयटीआर-यूचा भाग भरा. त्यात विवरणपत्र आधी भरलं होतं का आणि आता का भरताय, हे विचारतात. कधीच भरलं नसेल तर तसंच स्पष्ट निवडा. कर, व्याज, शुल्क, जादा कर हे सगळं आधी भरावं लागतं आणि चलनाचा तपशील फॉर्ममध्ये द्यावा लागतो. शेवटी आधार ओटीपीने पडताळणी. ती ३० दिवसांत झालीच पाहिजे.

ओटीपी आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, भरून देणारा कितीही ओळखीचा असला तरी. तुमच्या नावावर दाखवलेल्या प्रत्येक आकड्याचा जाब तुम्हालाच द्यायचा असतो.

जीएसटीची थकबाकी यातून मिटत नाही. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेली असेल, किंवा सेवा देणाऱ्याची २० लाखांवर, तर जीएसटी नोंदणीचा विषय आयटीआर-यू भरण्याआधीच सल्लागारासमोर मांडा.