केसांवर लादलेली लाज

अपराधभाव आणि लाज या दोन भावना मानसशास्त्र वेगळ्या मानते. अपराधभाव हातून घडलेल्या कृतीबद्दल वाटतो, म्हणून त्यात चूक सुधारायला वाव असतो. लाज मात्र आपल्या अख्ख्या असण्याबद्दल वाटते आणि तिच्यामागे कोणाची तरी नजर असते, मग ती समोर असो वा मनात मुरलेली. डिकरसन आणि केमेनी या मानसशास्त्रज्ञांनी 2004 साली 208 प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, तेव्हा इतर लोक आपली पारख करत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही अशा वेळी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक सर्वाधिक वाढते, असे आढळले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांकडे पाहणारी नजर वंशभेद आणि लिंगभेद मिळून घडवतात. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 साली हे मिश्रण मांडले, कारण न्यायालये दोन्ही अन्याय सुटे सुटे मोजत आणि या स्त्रिया मधल्या मध्ये राहून जात. केसांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुइझियानाचा गव्हर्नर एस्तेबान मिरो याने 1786 साली मुक्त, म्हणजे गुलामीत नसलेल्या, कृष्णवर्णीय स्त्रियांना केस रुमालाखाली झाकण्याचा हुकूम दिला. (त्यांनी रंगीबेरंगी, सजवलेले रुमाल बांधून त्या हुकुमाचे हसे केले, हेही सांगायला हवे.) पुढे 2010 साली अलाबामात एका कृष्णवर्णीय स्त्रीला देऊ केलेली नोकरी, तिने केसांच्या जटा कापायला नकार दिल्यामुळे, काढून घेण्यात आली. 2016 मध्ये अपील न्यायालयाने यात वंशभेद मानला नाही, कारण केशरचना बदलता येते.

माझ्या मते लाजेचे मूळ याच युक्तिवादात आहे. जे बदलता येते ते न बदलणे हा गबाळेपणा ठरतो, आणि मग भेदभाव करणाऱ्याचा दोष सोसणारीच्या पदरात पडतो.

कॅलिफोर्नियाने 2019 साली केसांवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने मनाई केली. तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. पण कुरळे केस रसायने लावून सरळ करण्याची किंमत शरीरही मोजत असावे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानुसार, अशी रसायने कधीही न वापरणाऱ्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 1.64 टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के असल्याचा अंदाज होता. हा सहसंबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे. मात्र आदल्या वर्षी ही रसायने वापरलेल्या सहभागींपैकी सुमारे 60 टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या.