जुना टीव्ही दुरुस्तीला आणताय? आणण्याआधी एवढं वाचा

आमच्या दुकानात डब्बा टीव्ही, म्हणजे मागे पोट असलेला पिक्चर ट्यूबवाला टीव्ही अजूनही दुरुस्त होतो. हे आधी सांगतो कारण दापोली, मंडणगड, फेरीबोटीतून पलीकडचे गुहागरवाले, सगळे येऊन हेच विचारतात की बाकी कोणी हात लावत नाही, तुम्ही बघाल का. बघतो. ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन, लाकडी शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट, कुठलाही असू दे. ज्या टीव्हीसमोर रविवारी सकाळी अख्खी वाडी पडवीत बसायची तो भंगारात घालायचं जिवावर येतं हे आम्हाला माहितीये, आणि तो चालू व्हावा असं आम्हालाही मनापासून वाटतं.

सगळं ठरतं ते पिक्चर ट्यूबवर. बाकी पार्ट म्हणजे एलओटी (ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर), ट्रान्झिस्टर, आयसी, कपॅसिटर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून अजून मागवता येतात, किंवा आम्ही जुन्या बोर्डावरचे काढून ठेवलेत. पण ट्यूब नवीन मिळत नाही. टीव्ही लावल्यावर चित्र यायला खूप वेळ लागतो, आलं तरी मळकट, पांढऱ्याच्या जागी पिवळट किंवा हिरवट, तर ट्यूब वीक झालेली असू शकते. काहीजण ट्यूब बूस्ट करून मागतात, त्याने थोडे दिवस चित्र उजळतं पण कधीकधी उरलीसुरली ट्यूबही जाते, म्हणून तुम्ही समजून हो म्हटल्याशिवाय आम्ही ते करत नाही.

आपल्याकडे टीव्ही बिघडतो तो बहुतेक हवेने. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल बोर्डावर बसते, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, सोल्डर सुटतं, आणि जिथे हजारो व्होल्ट आहेत त्या एलओटीजवळ चर्र चर्र आवाज येतो, जळकट वास येतो. तसं झालं तर लगेच बंद करा, पुन्हा लावून बघू नका. आत मुंग्या, झुरळं, पालीसुद्धा सापडतात, लाकडी कॅबिनेटला वाळवी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं-पत्रे उडून भिजलेले कितीतरी टीव्ही तसेच माळ्यावर ठेवलेत. असा टीव्ही हौसेने प्लग लावून बघू नका. आम्ही आधी बोर्ड धुऊन, सुकवून घेतो, मग थेट लाइन न देता १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, मग शॉर्ट सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. घाईने थेट लाइन दिली की एका पार्टच्या जागी चार जातात.

काय होतंय ते नीट सांगितलंत तर आमचं अर्धं काम होतं. पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ असेल तर बऱ्याचदा व्हर्टिकल आयसी (चित्र वर-खाली पसरवणारी) किंवा तिथलं सोल्डर, हे स्वस्तात होतं, पण ती रेघ तशीच ठेवून आवाज ऐकत बसू नका, पडद्यावर कायमचा डाग पडतो. कोपऱ्यात जांभळे-हिरवे पट्टे असतील तर शेजारचा मोठा स्पीकर आधी लांब करून बघा. पूर्ण डेड असेल तर फ्यूजपासून सुरुवात.

आणि पुष्कळदा टीव्ही बिघडलेलाच नसतो! दूरदर्शनचे जुने अँटेनावाले प्रक्षेपण बंद झालेत, त्यामुळे छपरावरच्या अँटेनाने आता फक्त मुंग्याच दिसणार. डीडी फ्री डिशचा किंवा दुसरा कुठला सेटटॉप बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडा. चित्र रंग सोडून वर-खाली पळत असेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्ही सिस्टिम PAL (पाल) करा. फक्त अँटेनाचं भोक असलेल्या सेटला मधे मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सचं चित्र अँटेनाच्या भोकातून आत देणारा डबा, लागतो, ज्या बॉक्सला फक्त एचडीएमआय आहे त्याला कन्व्हर्टर लागतो, दोन्ही आम्ही लावून देतो.

मागचं झाकण मात्र घरी उघडू नका, ही कळकळीची विनंती. प्लग काढून ठेवला तरी कलर ट्यूबच्या रबरी टोपीखाली २०-२५ हजार व्होल्टचा चार्ज राहिलेला असू शकतो. ट्यूबची मान बारीक काचेची असते, तिला धक्का लागला की संपलं, त्यावर इलाज नाही. उचलताना पडदा स्वतःच्या छातीकडे धरा कारण सगळं वजन पुढे असतं, आणि २१ इंची सेट एकट्याने उचलू नका. रिक्षात खाली गोधडी टाकून आणा. रिमोट आणि बॉक्सही सोबत आणा, नाहीतर आम्ही इकडे चालू करतो आणि घरी गेल्यावर पुन्हा फोन येतो.

चायना किटबद्दल. हल्ली जुना बोर्ड फेकून रेडिमेड किट बसवतात, टीव्ही संध्याकाळपर्यंत चालू होतो, पण आवाज बदलतो, जुना रिमोट चालत नाही, आणि किट त्या ट्यूबच्या योकला, म्हणजे मानेवरच्या तारेच्या गुंडाळीला, जुळलं नाही तर चित्र आखूड किंवा वाकडं येतं. आमच्या मते ओरिजिनल बोर्ड दुरुस्त होत असेल तर तोच ठेवावा, वेळ लागला तरी. अगदीच जळलेला असेल तर विचारून किट बसवतो, आणि तुमचा जुना बोर्ड तुम्हाला परत देतो.

तपासणीचे १५० रुपये, दुरुस्ती केलीत तर ते बिलातून वजा. खर्च आधी सांगतो, हो म्हटल्यावरच काम. नाही होणार असं दिसलं तर तसं स्पष्ट सांगतो. मग तो सेट खाडीत किंवा गडग्यापलीकडे टाकू नका, ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आमच्याकडे सोडा, आम्ही ई-कचरावाल्यांकडे पोचवतो.

गडगडायला लागलं, मग ते जूनचं असो की ऑक्टोबरचं, नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. आणि चाकरमानी गणपतीला यायच्या आत टीव्ही चालू हवा असेल तर श्रावण लागतानाच आणून द्या, कारण पार्ट मुंबईहून यायला दिवस लागतात आणि त्यानंतर आलेले सेट आम्ही गणपतीनंतरच हातात घेतो.