लोकरी मावा, विषाणू आणि घाईचं गणित

2002 साली लोकरी मावा ही कीड आली तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात उसाचं पान उलटलं की खाली पांढरी लोकर दिसायची. मावा खाणारी डिफा अळी आणि मायक्रोमस मदतीला आले. पण घाईने औषध फवारलं, की माव्याबरोबर हे मित्रकीटकही मरायचे.

कॅन्सरच्या एका उपचारात नेमका हाच पेच आहे. गाठीत विषाणू सोडायचा. तो कॅन्सरच्या पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि शेजारची गाठतो. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी असा एक विषाणू, टी-व्हेक, अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाला. तापानंतर ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसचीच ही जनुकं बदलून माणसाळवलेली जात.

इथे घाईने फवारणारी असते आपलीच प्रतिकारशक्ती. तिच्या शिपाई असलेल्या टी-पेशी लागण झालेली पेशी ओळखतात आणि फुटण्याआधीच मारतात. पेशी गेली हे बरंच झालं, पण तिच्या पोटातले विषाणूही गेले.

वहीवर मांडून बघा. समजा, लागण झालेली एक पेशी सरासरी दोन नव्या पेशींना लागण देते. 1000 पेशींपासून सुरुवात केली तर दहा फेऱ्यांनंतर आकडा 10,24,000. आता टी-पेशींनी दर तीनपैकी दोन पेशी आधीच टिपल्या, तर दोनाचे दोन-तृतीयांश होतात आणि दहा फेऱ्यांनंतर उरतात जेमतेम 17. विषाणू विझला, गाठ तशीच.

या उपचाराच्या खऱ्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) लागण न झालेल्या पेशी, झालेल्या पेशी, मोकळे विषाणू आणि टी-पेशी अशी चार खाती असतात. रोज किती जमा, किती खर्च, एवढंच समीकरण सांगतं. इटलीचा गणितज्ञ व्होल्तेरा याने 1926 मध्ये समुद्रातल्या माशांसाठी मांडलेल्या हिशेबाचंच हे नातवंड.

गुंता पुढे आहे. फुटलेल्या पेशीचे तुकडे टी-पेशींना कॅन्सरची ओळखही पटवतात, म्हणजे त्या नुसत्या आडकाठी नव्हेत. टी-पेशींना आवरून धरणारा ब्रेक काढणारी औषधं आज आहेत, पेम्ब्रोलिझुमॅब हे त्यातलंच एक. त्यामागच्या शोधासाठी अ‍ॅलिसन आणि होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. प्रश्न उरतो, ब्रेक कोणत्या दिवशी काढायचा? लवकर काढला तर विषाणू पसरायच्या आत संपतो, उशीर केला तर गाठ हाताबाहेर जाते. दोन्ही औषधं चांगली म्हणजे जोडीही चांगली, हे गृहीतच मला कच्चं वाटतं. टी-व्हेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांची जोडी 692 रुग्णांच्या चाचणीत एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाही.

समीकरणं सोडवायला संगणक आहे. अडतं ते आकड्यांपाशी. गाठीत विषाणू कुठवर पोहोचला हे बघायला सुई टोचायची, तर ती एकाच कोपऱ्यातला तुकडा आणते. बांधावरचं एक पान उलटून अख्ख्या फडाचा अंदाज बांधावा, तसं.