पार्श्वभूमी : 'जुना गेम' म्हणजे नेमका कोणत्या तारखेचा?

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या तीसेक जणांनी एकेकाळचा आपला आरओचा, म्हणजे रॅग्नारॉक ऑनलाइन या अनेकांनी एकाच जगात खेळायच्या खेळाचा, सर्व्हर पुन्हा उभा करायला घेतला. घोडं पैशावर नाहीतर मशीनवर अडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मशीन दोन दिवसांत मिळालं. पुढचे तीन आठवडे गेले ते वाइपवर, म्हणजे जुनं सगळं पुसायचं की नाही यावर. कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर २०११ सालचा बॅकअप सापडला होता. त्यातली पात्रं, झेनी (खेळातले पैसे), कार्डं (मेलेल्या राक्षसाकडून क्वचित पडणारी, ताकद वाढवणारी) सगळं जसंच्या तसं परत आणायचं, की सगळ्यांनी नोव्हिस, म्हणजे अगदी नवखे, होऊन पुन्हा पोरिंगसारखे सोपे राक्षस मारत बसायचं?

"वाइप केलास तर मी येत नाही बघ," असं एकानं ग्रुपवर टाकलं.

"आणि नाही केलास तर येऊन करू काय?" दुसऱ्याचं उत्तर.

दोघांचंही खरं होतं. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. फार मागे नाही. एसेक्स विद्यापीठात १९७८ साली अनेकांनी एकत्र खेळायचा, नुसत्या अक्षरांवर चालणारा खेळ तयार झाला, १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आला, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट. आपल्याकडे यातलं काहीच पोचलं नव्हतं. आपला श्रीगणेशा आरओचा.

कोरियात हा खेळ २००२ मध्ये आला आणि त्या दशकाच्या मध्यावर भारतासाठी त्याचा वेगळा सर्व्हरही निघाला. बेळगावात तो पोचला सायबर कॅफेमार्फत. काउंटर-स्ट्राइकवाली पोरं मधल्या रांगेत आरडाओरडा करायची आणि आरओवाले भिंतीकडेच्या मशीनवर, कारण त्यांना तीन-तीन तास हलायचं नसे. गेमची फाइल डाउनलोड करण्याचा प्रश्नच नव्हता. सीडी हातोहात फिरायची, बरेचदा ओरखडे पडलेली. पुण्याला शिकायला गेलेला कुणाचा तरी दादा दिवाळीला येताना खेळाचं प्रीपेड कार्ड घेऊन यायचा.

मग २००५ मध्ये घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं. वेग २५६ केबीपीएस, महिन्याची मर्यादा ठरलेली, पण एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर फुकट. या सहा तासांनी आमची एक पिढी बिघडवली असं घरची माणसं अजून म्हणतात. पावणेदोनचा गजर उशीखाली लावून झोपायचं. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून आई उठायची, तेव्हा आम्ही खेळातल्या गेफेन शहराच्या टॉवरखालच्या डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांच्या भुयारात, बसलेलो असायचो.

'बसलेलो' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आरओमध्ये पात्र खाली बसलं की त्याचा एचपी (जीव) आणि एसपी (कौशल्यं वापरायची शक्ती) दुप्पट वेगानं भरतो. औषधं महाग, म्हणून चार राक्षस मारले की बसायचं. बसल्यावर करण्यासारखं काही नसतं, मग बोलायचं. रोमन लिपीतलं मराठी, मध्ये गोकाकच्या दोस्तांचं कानडी 'बारो' (ये रे), कुणाचा तरी बारावीचा निकाल, कुणाच्या तरी वडिलांची उद्यमबागेतल्या कारखान्यातली पाळी. खेळाडू टिकवायचे कसे यावर पुढे जगभर डोकी खाजवली गेली. माझ्या मते त्याचं निम्मं उत्तर या सक्तीच्या बैठकीत आहे. ज्या ज्या बदलानं बसण्याची गरज कमी केली, त्या त्या बदलानं गिल्डं, म्हणजे खेळाडूंचे संघ, रिकामी केली. याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे आमची गिल्ड आहे, एवढंच.

भारताचा सर्व्हर बंद पडला. मंडळी परदेशातल्या प्रायव्हेट, म्हणजे चाहत्यांनी बिनपरवाना चालवलेल्या, सर्व्हरांवर पांगली आणि मग इथल्याच इंजिनीअरिंगच्या दोघांनी घरच्या पीसीवर आपला सर्व्हर काढला. त्यासाठी लागणारा ईअथेना हा मुक्त एम्युलेटर, म्हणजे मूळ सर्व्हरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळायचा. लॉगिनचा एक प्रोग्रॅम, पात्रांचा एक, नकाशांचा एक. तिन्ही चालू झाले की जग तयार. अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) किती पट आणि ड्रॉप (राक्षसाकडून पडणाऱ्या वस्तू) किती पट हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिथला आकडा बदलायचा आणि सेव्ह करायचं.

सगळा सत्यानाश त्या आकड्यानं केला. सुरुवात पाचपटीनं झाली. दहा दिवसांत कुरकुर सुरू : लेव्हल होत नाही, कार्ड पडत नाही. मूळ खेळात साध्या राक्षसाचं कार्ड पडण्याची शक्यता ०.०१ ते ०.०२ टक्के, त्यामुळे कुरकुर खोटी नव्हती. आकडा पन्नासवर गेला. गर्दी झाली, आठवड्याभरात सगळे नव्व्याण्णव लेव्हलला पोचले आणि मग प्रॉन्टेरा या खेळातल्या मुख्य शहरात उभं राहून एकमेकांच्या टोप्या बघण्यापलीकडे काम उरलं नाही. २०११ च्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला, डेटाबेसचं एक टेबल करप्ट झालं. दुरुस्त करता आलं असतं. कुणी मनावर घेतलं नाही. सर्व्हर लाइटमुळे मेला असं सांगायची पद्धत आहे, पण तो आधीच मेला होता. कपाटात सापडलेला बॅकअप या पन्नासपटीच्या काळातला आहे, हे वाद ऐकताना ध्यानात ठेवावं लागतं.

आता 'जुना' या शब्दाकडे येऊ. भांडणाचं मूळ तिथेच आहे.

२०१० च्या आसपास आरओमध्ये रिन्यूअल नावाचा मोठा बदल झाला. नुकसान मोजायची सूत्रं बदलली, लेव्हलची मर्यादा वाढली, आपल्यापेक्षा फार वरचा किंवा फार खालचा राक्षस मारला तर अनुभव कापला जाऊ लागला. तेव्हापासून जगभरचे आरओ खेळाडू दोन जातींत विभागले : प्री आणि री, म्हणजे रिन्यूअलच्या आधीचे आणि नंतरचे. पण 'प्री' हीसुद्धा एक तारीख नव्हे. पुनर्जन्माचे वर्ग, म्हणजे नव्व्याण्णवला पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यावर मिळणारे पात्रांचे प्रकार, येण्याआधीचा, की आल्यानंतरचा? ग्रुपवर 'ओरिजिनल पाहिजे' म्हणणाऱ्या अकरा जणांना विचारलं, तर चार वेगवेगळे खेळ निघाले. प्रत्येकाचा ओरिजिनल म्हणजे तो स्वतः दहावीत असताना जो होता तो. 'अमुक तारखेच्या आधीचं' या वादाची आम्हा सीमाभागातल्यांना घरातूनच सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या अलीकडचं-पलीकडचं ऐकत मोठे झालो, २०१४ मध्ये त्याच तारखेला गावाच्या नावाची पाटी बदललेली पाहिली. तरी खेळाच्या बाबतीत तारीख इतकी बोचेल असं वाटलं नव्हतं.

बाहेर हा प्रश्न कसा सुटला ते पाहिलं, तर तत्त्वापेक्षा योगायोग जास्त दिसतो. रूनस्केप २००१ चा. त्यात एवढे बदल झाले की जुने लोक निघून गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये जुनी आवृत्ती परत आणायची का, यावर खेळाडूंचं मत घेतलं गेलं आणि साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. परत आली ती ऑगस्ट २००७ ची आवृत्ती. ऑगस्ट २००७ का? त्या महिन्याचा पूर्ण बॅकअप हाती लागला म्हणून. आज लोक त्या महिन्याबद्दल सुवर्णयुगासारखं बोलतात! पात्रं मात्र कुणाचीच परत आली नाहीत, सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. पुढे खेळात नवं काहीही घालायचं तर खेळाडूंची ७५ टक्के मतं लागतील असा नियम झाला. ही अट बऱ्याच वर्षांनी ७० वर आणली. आपल्या ग्रुपवर वाइपसाठी जे मतदान झालं, त्याची कल्पना तिथलीच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची गोष्ट जास्त कडवट. २००४ चा खेळ. जुन्या रूपातला सगळ्यात गाजलेला बिनपरवाना सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये कायदेशीर नोटिशीमुळे बंद पडला आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये खेळ चालवणाऱ्यांनी स्वतःच 'क्लासिक' काढला. त्यासाठी धरलेली आवृत्ती १.१२, म्हणजे २००६ मधली, पहिल्या विस्ताराच्या तोंडावरची. लोकांना आठवत होता २००४ चा अवघड खेळ आणि हातात आले दोन वर्षं घासून सोपे झालेले नियम. इथेही सगळे लेव्हल एकवर. त्यानंतर हार्डकोअर, म्हणजे एकदा मेलं की पात्र कायमचं गेलं, मग आणखी 'फ्रेश' सर्व्हर. पुन्हा पुन्हा कोरी पाटी हेच विकायची वस्तू होऊन बसलं. वाइपवाल्यांना हे उदाहरण फार आवडतं. ते अर्धंच सांगतात, कारण कोरी पाटी दर वेळी आधीपेक्षा लवकर भरते.

स्टार वॉर्स गॅलक्सीजमध्ये नोव्हेंबर २००५ मध्ये खेळाचा गाभाच उलटापालटा केला आणि जुने लोक पांगले. तो खेळ डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला, पण चाहत्यांनी एप्रिल २००५ मधल्या लढाईच्या बदलाच्याही आधीची आवृत्ती उभी करण्याचं काम त्याच्या बऱ्याच आधी हाती घेतलं होतं. सिटी ऑफ हीरोज नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद पडला. एक गुप्त सर्व्हर वर्षानुवर्षं चालू असल्याचं २०१९ मध्ये बाहेर फुटलं आणि जानेवारी २०२४ मध्ये चाहत्यांच्या सर्व्हरला चक्क अधिकृत परवाना मिळाला. असं घडू शकतं याचा दाखला म्हणून हा प्रसंग सारखा पुढे केला जातो. परवाने वाटले जातात असा त्याचा अर्थ नाही. आपला सर्व्हर बिनपरवानाच आहे, हे स्पष्ट असू दे.

वाइपच्या वादाला खरं वळण दिलं ते फायनल फँटसी १४ नं. सप्टेंबर २०१० मध्ये आलेला हा खेळ इतका फसला की सुरुवातीला महिन्याचे पैसेच घेता येईनात. चालवणारी माणसं बदलली. फसलेला खेळ चालू ठेवून, दुरुस्त करत, शेजारी नवा खेळ बांधायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये खेळातल्या जगावर चंद्र कोसळला आणि सर्व्हर बंद झाले. बंद पडण्याचं असं कथानक मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ आला, जुनी पात्रं त्यात शाबूत. पडत्या काळात तीन महिने पैसे भरलेल्यांना वेगळा दर्जा मिळाला, त्यांची नावं श्रेयनामावलीत लागली, पात्रांच्या अंगावर एक खूण आली. कंटाळा आला तर पैसे भरणं थांबवा आणि नवीन काही आलं की परत या, असं त्या खेळाचा दिग्दर्शक उघड सांगतो. खेळाडू टिकवण्याच्या धंद्यात हे उलटंच म्हणायचं, पण ते चाललं.

इथं कुणाच्या तरी डोक्यात आलं की मधला रस्ता आहे : नाव परत, ताकद नाही. २०११ च्या बॅकअपमधली पात्रांची नावं जुन्या मालकांसाठी राखून ठेवायची, काही कामाची नसलेली एक टोपी द्यायची, बाकी लेव्हल एक, झेनी शून्य. मतदानात हे ७५ टक्क्यांच्या वर गेलं. मला ते रास्त वाटतं. ज्यांना नाही वाटत, त्यांचा मुद्दा असा की तीन वर्षांच्या रात्री जागून मिळवलेलं कार्ड 'ताकद' नव्हतं, आठवण होती. पन्नासपटीत मिळालेल्या कार्डाला रात्री जागाव्या लागल्या नव्हत्या, हे मी तिथं लिहिलं नाही.

दरम्यान आजूबाजूचं जग बदललं होतं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, खेळ मोबाइलवर गेले, रोज हजेरी लावली की बक्षीस अशी सवय लागली. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला. कर्नाटकानं २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचाच कायदा आला. या सगळ्यात 'ऑनलाइन गेम' या शब्दाची पार रया गेली. आता घरात तो शब्द काढला की रमी आणि कर्ज एवढंच ऐकू येतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस बायकोला काय सांगणार, रविवारी रात्री किल्ला लढवायचा आहे? म्हणून एक नियम वादाशिवाय ठरला : डोनेशन नाही. पैसे देऊन तलवार ही प्रायव्हेट सर्व्हरांवरची जुनी कीड. मशीनचं भाडं चौघं आपसांत भरतात.

बाकीचे निर्णय जुन्या चुकांतून आले. रेट तीनपट, आणि तो बदलायचा तर मतदान. गिल्डांनी लढून जिंकायचे किल्ले वीस आहेत, चार प्रदेशांत पाच-पाच. तीस माणसांना वीस किल्ले दिले तर कुणाची कुणाशी गाठच पडणार नाही, म्हणून एकच उघडा, रविवारी रात्री नऊ ते दहा. ऑनलाइन किती, या आकड्यातून ऑटोट्रेडवर, म्हणजे मालक नसताना आपोआप चालत, सोडलेली दुकानं वजा. पूर्वी पाटीवर शंभर दिसायचे आणि त्यातली ऐंशी नुसती दुकानं असायची. नवा माणूस ते बघून यायचा, कुणी बोलत नाही म्हणून जायचा.

सध्या रात्री दहाच्या सुमाराला बारा-पंधरा जण असतात. 'मी येत नाही बघ' म्हणणारा पहिल्याच रात्री आला. त्यानं मर्चंट घेतला, दुकान लावण्यापुरती लेव्हल केली आणि प्रॉन्टेराच्या दक्षिण दरवाज्याशी दुकान थाटलं. जुन्या क्लायंटमध्ये देवनागरी दिसत नाही, प्रश्नचिन्हं येतात, म्हणून पाटी रोमनमध्ये आहे : 'वाइपचा जाहीर निषेध'. आत फक्त सफरचंदं. एनपीसीकडे, म्हणजे खेळातल्याच दुकानदाराकडे, पंधरा झेनीला मिळणारं सफरचंद तो एक झेनीला विकतो.