हवेत खड्डे नसतात

विमान वादळात सापडून प्रवासी जखमी झाले की बातमीत हमखास 'एअर पॉकेट' येतं. मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवेतली एक रिकामी जागा उभी राहते, जिच्यात विमान धाडकन पडतं. अशी जागा नसते. वातावरणात पोकळी टिकूच शकत नाही, आजूबाजूची हवा तिथे लगेच घुसते. असते ती खाली वाहणारी हवा. हे नीट समजून घ्यायला घरच्या संगणकावर विमान चालवल्याचा अनुभव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

या छंदात कित्येक जण रंगकामातून शिरतात. एअर इंडियाच्या जुन्या बोइंग ७४७ विमानांवर प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवलेला असे. तो सिम्युलेटरमधल्या विमानावर आणायचा, तर विमानाचा सगळा पत्रा उलगडून सपाट केलेल्या चित्रावर काम करावं लागतं. मधल्या सरळ भागावर झरोके चटकन बसतात. नाकाजवळ पत्रा वळतो तिथे तीच कमान ताणली जाते, म्हणून सपाट चित्रात ती मुद्दाम वाकडी काढायची. पत्रे जोडणारे खिळे, म्हणजे रिव्हेट, तर वेगळ्याच युक्तीने उठतात. दुसऱ्या एका चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगतो की तिथला पृष्ठभाग कुठल्या दिशेला कललेला आहे. पत्रा सपाटच राहतो, पण त्यावरच्या प्रकाशाचं गणित त्या कलाप्रमाणे होतं आणि रिव्हेट खरे वाटू लागतात.

माझा जीव मात्र हवेच्या गणितात अडकला आहे. विमानाचं वागणं संगणकाला सांगायची एक पद्धत म्हणजे तक्ते: अमुक वेग, अमुक कोन, तर लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, इतकी. साध्या तक्त्यात अख्खं विमान एका बिंदूसारखं धरलं जातं. ऑस्टिन मायर यांच्या एक्स-प्लेन या सिम्युलेटरने दुसरा मार्ग धरला. पंखाचे अनेक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यापाशी हवा किती वेगाने आणि कुठल्या कोनातून येते ते पाहायचं, त्यावरचं बल काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. हे सेकंदाला अनेकदा. डाव्या पंखाखालची हवा खाली वाहत असेल आणि उजव्याखालची नसेल, तर विमान आपोआप डावीकडे कलंडतं. 'वादळात कलंड' असा वेगळा नियम कुणी लिहिलेला नसतो.

आता वादळाकडे. वळवाचा पाऊस येण्याआधी गार वाऱ्याचा जो झोत अंगावर येतो, तो ढगातून खाली आलेल्या हवेचा असतो. पडणारे थेंब हवेला सोबत ओढतात आणि ढगाखालच्या कोरड्या हवेत विरतही जातात. माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने ही हवाही थंडावते: १ किलो हवेत १ ग्रॅम पाणी वाफ झालं, तर ती सुमारे २.५ अंश सेल्सिअसने गार होते. गार म्हणून जड, जड म्हणून आणखी वेगाने खाली. जमिनीवर आदळली की ती चहूकडे पसरते. हा पसारा ४ किलोमीटरच्या आत असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. सगळा खेळ काही मिनिटांत आटोपतो.

उतरणारं विमान त्यात शिरलं, तर आधी वारा समोरून येतो. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, विमान वर उचललं जातं आणि बेसावध वैमानिक इंजिनाची ताकद कमी करतो. मग हवा वरून दाबते. शेवटी वारा पाठीमागून येतो आणि इथेच घात होतो. समजा, हवेतला वेग १४० नॉट आहे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि समोरचा वारा २५ नॉट. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने विमान ११५ नॉटने चाललं आहे. एवढं जड धूड लगेच वेग बदलू शकत नाही. वारा उलटून पाठीमागून २५ नॉट झाला की हवेतला वेग उरतो ९०. लिफ्ट वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून त्याच कोनात ती जेमतेम ४१ टक्के राहते. जेट इंजिनाला पूर्ण ताकद गाठायला काही सेकंद लागतात, आणि जमीन तर जवळ आलेली असते.

२४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कला ईस्टर्न एअरलाइन्सचं ६६ क्रमांकाचं विमान असंच पडलं. या अपघाताचा अभ्यास करणारे हवामानशास्त्रज्ञ टेड फुजिता यांनी मायक्रोबर्स्टची कल्पना मांडली. ती अनेकांना पटायला वेळ लागला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसजवळ डेल्टा १९१ हे विमान कोसळून १३७ जण गेले, आणि १९८८ साली अमेरिकेत प्रवासी विमानांवर इशारा देणारी यंत्रणा बंधनकारक करणारा नियम झाला. बर्म्युडा ट्रँगलच्या गूढ शक्तींवर आजही पानंच्या पानं फिरतात. त्या पानांनी एकही विमान वाचलेलं नाही. फुजितांच्या चिकाटीने वाचली.

हे घरी सिम्युलेटरवर करून पाहा. नागपूरच्या ३२ क्रमांकाच्या, म्हणजे साधारण ३२० अंशांच्या दिशेने तोंड असलेल्या, धावपट्टीवर उतरायचं ठरवा. हवामानाच्या पानावर वाऱ्याचे दोन थर द्या: जमिनीपासून १००० फुटांवर ३२० अंशांकडून २५ नॉट, ४०० फुटांवर १४० अंशांकडून २५ नॉट. हा खरा मायक्रोबर्स्ट नव्हे, यात वरून दाबणारी हवा नाही, पण उलटणारा वारा आहे. वेगदर्शकाचा काटा पडू लागला की पूर्ण ताकद द्या, नाक साधारण १५ अंश वर धरा आणि चाकांना हात लावू नका. आधी मोठं जेट घ्या, मग छोटं सेस्ना. वारा तोच असला तरी हलकं विमान वेग फार लवकर परत मिळवतं.